पाण्यासंगं लेकरू फेकणारी बाई

पोरगी रडंना. तोंड उघडं, डोळे उघडे, अन् आवाज न्हाई. आत्ता हातात व्हती, साबणानं गुळगुळीत झालेली, मी मग्गा घ्यायला एक हात काढला अन् ती टबात सरकली. डोकं पाण्याखाली गेलं. किती वेळ गेला ते मला आजबी सांगता येत न्हाई, एक क्षण असंल, दोन असतील. ओढून काढली तर नाकातून पाणी, ओठ जांभळे, अन् ती रडंना. हलवलं, पाठ चोळली, नावानं हाका मारल्या. न्हाई. साडेतीन महिन्याचं लेकरू, माझ्या हातात वल्या फडक्यावानी लोंबकळून राह्यलं.

घरात कोणी न्हाई. हे दुकानावर गेल्ते, नणंद क्लासला गेल्ती. मोबाईल कपाटावर व्हता, पण हात वले, कोणाला लावू, अँब्युलन्सला लावू का ह्यांना लावू, ते ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात असतात, तिथं तर फोन वाजलेलाच ऐकू येत न्हाई. मी तशीच पळाले. गाऊन वला चिप्प, पायात चप्पल न्हाई, पोरीच्या अंगावर साबण तसाच. गल्लीत आले अन् दोन घरं सोडून वट्ट्यावर खाला गहू निवडत बसल्या व्हत्या.

खालाशी मी नऊ दिवस बोलले नव्हते. त्याबी माझ्याशी बोलल्या नव्हत्या. बोलायला तोंडच ठेवलं नव्हतं मी.

"खालाऽऽ" एवढंच निघालं.

त्यांनी विचारलं न्हाई काय झालं म्हणून. सूप असं बाजूला टाकलं की गहू पार नालीपर्यंत गेले. पोरगी माझ्या हातातून वढली, तिथंच वट्ट्यावर पाय लांब केले, पोरीला आपल्या हातावर पालथी टाकली, डोकं खाली, हनुवटी बोटांत धरलेली, अन् पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताची टाच मारली. एक. दोन. मला वाटलं मोडतील तिला. तीन. पोरीच्या तोंडातून पाणी आलं, पाण्यामागं दूध आलं, मंग खोकली. अन् मंग रडली. असं रडली की समोरच्या घरातली म्हतारी बाहेर आली.

मी खाली बसले. मातीतच बसले.

खालांनी आपल्या ओढणीत तिला गुंडाळलं, माझ्या मांडीवर ठेवलं अन् म्हणल्या, "जा, दवाखान्यात दाखव. जल्दी जा, रोती कायकू बैठी?" अन् वाकून नालीजवळचे गहू गोळा करायला लागल्या. माझ्याकडं बघितलंच न्हाई परत.

आता ह्या खाला कोण ते सांगते, न्हाई तर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा न्हाई.

आम्ही मंठ्याला भाड्यानं राहतो. सासू-सासरे गावाकडं शेतावर असतात. माझं माहेर केदारखेड्याला, लई लांब, दोन बस बदलाव्या लागतात. बाळंतपण तिकडंच झालं. दोन महिन्यांनी लेकरू घेऊन इकडं आले तर मला काहीच येत नव्हतं. तिकडं आई आंघोळ घालायची, मी नुसती टॉवेल घेऊन उभी राहायची. इकडं आले अन् पहिल्याच दिवशी समोरची म्हतारी म्हणली, खालाला बोलव. आमच्या गल्लीत अर्धी घरं मुसलमानाची, अर्धी आमची, पण लेकरं सगळी खालाच्या पायावरूनच गेलेली. माझ्या घरमालकाचा दहावीतला पोरगाबी खालाला बघितलं की अजून गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं जातो, लाजतो, कारण त्या सगळ्यांसमोर म्हणतात, "इसकू मैंने कैसा नहलाया, पूछो इसकू, हर बार मेरे ऊपर मुतता था."

त्यांची आंघोळ बघण्यासारखी व्हती. न्हाणीत पाटावर बसायच्या, सलवार गुडघ्यावर सरकवायच्या, दोन पाय जोडून सरळ लांब. त्या पायांच्या खाचेत लेकरू पालथं, डोकं पावलाकडं. तेल जिरवून चोळायच्या. मंग एका हातानं पाणी, मागून पुढं वाहत जायाचं असं, अन् दुसरा हात कायम लेकराच्या कपाळाला आडवा, छज्जा धरल्यावानी. डोळ्यात थेंब जाऊ द्यायच्या न्हाई. माझी पोरगी त्यांच्या पायावर झोपायची हो, पाणी पडत असताना झोपायची.

पण शेवटी त्या नाकात तेल टाकायच्या. दोन-दोन थेंब. अन् तोंडात फुंकर मारायच्या, कानात फुंकर मारायच्या. म्हणायच्या, साफ हो जाता सब. माझ्या आईनंबी हेच केलं व्हतं, मला त्यात काही वाटलं न्हाई.

मंग पोरीला खोकला झाला. जाईना. छातीत घुरघुर. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी नळी लावून ऐकलं अन् विचारलं, "नाकात तेल टाकता का?"

मी म्हणलं, "आंघोळ घालणाऱ्या टाकतात."

"बंद करा. आजपासून. ते तेल छातीत उतरतं, न्यूमोनिया होतो लेकराला. फुंकरबी न्हाई मारायची. कळलं?"

न्यूमोनिया ऐकलं अन् माझे कान बंद झाले. त्या पुढं काय बोलल्या ते मला ऐकूच आलं न्हाई. केदारखेड्याला आमच्या शेजारच्या बाईचं लेकरू न्यूमोनियानं गेल्तं, त्या घरातलं रडणं मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेलं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मला एकच दिसून राह्यलं, खालाचा हात अन् ती तेलाची बाटली.

दुसऱ्या दिवशी खाला आल्या तर मी दारातच उभी राह्यले.

"खाला, उद्यापासून नका येऊ."

"कायकू? गाव जा रई क्या?"

"न्हाई. डॉक्टरीण बाई म्हणल्या. तुम्ही तेल टाकता त्यानं छाती भरली. लेकरू मेलं असतं."

मेलं असतं हे मी मोठ्यानं बोलले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. हे आजबी माझ्याच्यानं विसरणं होत न्हाई.

खालांनी पायरीवर काढलेली चप्पल परत पायात घातली. मंग म्हणल्या, "अच्छा. मोबाईलला विचार आता. वोइच नहलाएगा." अन् गेल्या.

अन् मी खरंच मोबाईलला विचारलं. एका व्हिडिओत एक गोरी बाई, निळा टब, लेकरू हसून राह्यलं, बदकं तरंगून राह्यली. ह्यांना म्हणलं, टब पायजे. ह्यांनी बाजारातून आणला, गुलाबी. आठ दिवस भीत भीत घातली आंघोळ, नणंद बाजूला उभी राहायची. नवव्या दिवशी नणंदेचा क्लास लवकर व्हता. मी म्हणलं, जाऊ द्या, मी घालते. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पोरीला उलटंपालटं करून बघितलं, छाती ऐकली, बोटाला ते लाल लाइटीचं यंत्र लावलं, म्हणल्या ठीक आहे, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, पुन्हा घुरघुर वाटली तर ताबडतोब या. छाती अजून नाजूक आहे, धूळ-धुरापासून जपा. मंग विचारलं, "पाठीवर कोणी मारलं? बराबर मारलं."

"आंघोळ घालणाऱ्या खालांनी."

"ती तेलवाली?"

"हो. तुम्ही बंद करा म्हणल्या व्हत्या ना, त्या."

बाईंनी चष्मा काढला. "मी तेल बंद करा म्हणलं. बाई बंद करा कुठं म्हणलं?"

मला तिथंच रडू आलं. नर्स म्हणली रडू नका, दूध आटंल. त्यानं अजूनच रडू आलं.

आता ती इंग्रजी म्हण.

माझी नणंद तलाठीच्या परीक्षेची तयारी करून राह्यली. तिच्याकडं एक जाड गाईड आहे, त्यात शेवटच्या पानांवर इंग्रजी म्हणी, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. ती रोज संध्याकाळी भिंतीला टेकून डुलत डुलत पाठ करते, मी भाकरी थापत ऐकते. मी नववीपर्यंत शिकले, इंग्रजी वाचता येतं थोडं, अर्थ लागत न्हाई. पण ऐकायला आवडतं. त्या संध्याकाळी पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली, मी तिच्या नाकापुढं सारखं बोट धरून श्वास बघून राह्यले, अन् नणंद डुलत म्हणली,

"थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर. म्हणजे, नको ती गोष्ट टाकताना मोलाची गोष्टबी टाकून देणे." अन् थांबली. "वहिनी! तुमचंच छापलंय की इथं."

"काय?"

"बेबी म्हणजे लेकरू. बाथवॉटर म्हणजे आंघोळीचं पाणी. आंघोळीच्या पाण्यासंगं लेकरूबी फेकून दिलं. म्हणजे तेल वाईट म्हणून खालाच बंद केल्या, तसं."

मी म्हणलं, "कोणी फेकलं?"

"आँ?"

"लेकरू कोणी फेकलं पाण्यासंगं?"

"कोणी न्हाई हो. म्हण आहे ती. एक मार्काला येते."

"न्हाई पण कोणीतरी फेकलं असंल ना. उगं कोण कशाला म्हणंल? आपल्यात माझी आई म्हणती, उवा झाल्या म्हणून गोधडी जाळू नये. तर गोधडीत उवा होतात ना? झालेल्या असतात ना कोणाला? तसं कोणीतरी लेकरू फेकलं असणार."

"वहिनी, तुम्ही झोपा जाऊन."

पण मला झोप कुठली. खरं सांगते, मला त्या म्हणीचा अर्थ कळला व्हता अन् तो अर्थ मला नको व्हता, त्यात माझीच चूक लिहिलेली व्हती. म्हणून मी अर्थ सोडला अन् त्या बाईला धरलं. कोण असंल ती? टब केवढा असंल? लेकरू टबात असताना बाईला जड लागलं नसंल का? रडलं नसंल का ते? माझं रडलं न्हाई, म्हणून मला माहीत व्हतं की न्हाई रडत कधी कधी. मंग मी परत पोरीच्या नाकापुढं बोट धरायची. अन् तरी विचारावंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी नणंदेनं माझ्या कटकटीला कंटाळून मोबाईलवर शोधलं. "हे घ्या. सापडलं. पूर्वी तिकडं इंग्लंडात म्हणे वर्षातून एकदाच आंघोळ करायचे. एकच मोठा लाकडी टब. पहिले घरातला मोठा माणूस, मंग बाकीची माणसं, मंग बाया, मंग पोरं, अन् सगळ्यात शेवटी तान्हं लेकरू, त्याच पाण्यात. तवर पाणी इतकं काळं झालेलं असायचं की आत लेकरू आहे ते दिसायचंच न्हाई. म्हणून म्हणायचे, पाणी फेकताना लेकरू फेकू नका."

मी ऐकत राह्यले. पहिल्यांदा बराबर वाटलं. पाणी पुरवून वापरायचं म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको. आमच्याकडं नळ रोज येत न्हाई, आला की बादल्या, ड्रम, पातेली, डब्बे, सगळं भरून ठेवायचं. एक पाणी चार वेळा वापरते मी. पोरीच्या आंघोळीचं पाणी टबात राह्यलं की त्यात तिचे लंगोट, मंग त्यात पायपुसणं, मंग तेच न्हाणीत, वरचं उरलं तर कढीपत्त्याला.

मंग माझ्या ध्यानात आलं.

"ताई, हे खोटं आहे."

"काऊन?"

"लेकरू शेवटी कोण घालतं? पाणी कमी असलं की लेकरू पहिलं असतं. सगळ्यात स्वच्छ पाणी लेकराला. मंग बाकीचे. किती गरीब असू दे, किती येडी आई असू दे, नवऱ्याच्या मळक्या पाण्यात तान्हं लेकरू कोण बुचकळंल?"

नणंद म्हणली, "तिकडचं वेगळं असंल."

"आई तर आईच असंल ना तिकडंबी?"

तिनं परत शोधलं. ती पण आता हट्टाला पेटली व्हती, गाईड बाजूला पडलं. थोड्या वेळानं म्हणली, "वहिनी, तुम्ही जिंकल्या. इथं लिहिलंय, ती टबवाली गोष्ट कोणीतरी उगं पसरवलेली. म्हण इंग्रजीबी न्हाई मुळात. जर्मन लोकांची. पाचशे वर्षं जुनी. येड्या लोकांची चेष्टा करायला केलेलं एक जुनं पुस्तक, त्यात चित्र आहे. थांबा, दाखवते."

चित्र बघितलं मी. लाकडाच्या ठशावरून छापलेलं, काळ्या रेघांचं. एक बाई, डोक्याला फडकं बांधलेलं, दोन्ही हातांनी टब कलता करून राह्यली, अन् पाण्यात लेकरू. मी मोठं करून बघितलं, बोटांनी वढून वढून. लेकरू चांगलं दिसून राह्यलं. काळ्या पाण्यात लपलेलं बिपलेलं न्हाई. पूर्ण दिसून राह्यलं, अन् बाई फेकून राह्यली.

म्हणजे न दिसल्यामुळं फेकलं न्हाई. दिसत असताना फेकलं.

हे मला दिवसभर सुटंना. येडी बाई म्हणून चितारली तिला. पण एवढी येडी असती तर लेकराला आंघोळ घातलीच कशाला असती? टब आणला, पाणी तापवलं, लेकरू धुतलं, हे सगळं शहाणीनं केलं अन् शेवटच्या एका झटक्यात येडी झाली? का घाई व्हती तिला? का कोणीतरी दारातून वरडलं, का ती कशाला तरी भ्याली अन् त्या भीतीत टब उचलला? चित्रात दार न्हाई. दुसरं कोणी न्हाई. एकटीच आहे.

अन् दुसरी गोष्ट. आपल्यात अशी म्हण काऊन न्हाई? मी भाकरी भाजता भाजता विचार करत राह्यले अन् एकदम कळलं. आपल्यात लेकरू अन् पाणी एका भांड्यात कधी नसतंच. लेकरू पायावर असतं. पाणी वरून येतं, पायावरून वाहून मोरीत जातं. लेकरू राहतं. फेकायचं म्हणलं तरी फेकता येत न्हाई, पाणी आधीच गेलेलं असतं. टब आला तवा ही म्हण आमच्या घरात आली.

पण जड लागलं नसंल का, हे काही सुटलं नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी, पोरगी झोपलेली, नणंद तिच्याजवळ बसलेली, मी लंगोट धुतलेलं गढूळ पाणी टबात तसंच ठेवलं, त्यात एक लाल भोपळा सोडला. सासूबाईंनी शेतातून पाठवलेला, पोरीएवढाच भरला असंल, मी आधी दोन्ही हातात दोघांना घेऊन अंदाज केला. टब उचलून मागच्या दारी आणला अन् नालीकडं कलता करून राह्यले, हळूच, डोळे मिटून, की कळतं का वजन कधी सरकतं ते.

"अगे! भोपळे को नहला रई क्या?"

डोळे उघडले तर खाला. मागच्या गल्लीतून दळण घेऊन चालल्या व्हत्या. भोपळा टबातून निसटला, नालीच्या कडेला आपटला अन् गडगडत त्यांच्या पायाशी गेला.

"तेल लगाई क्या इसकू? नाक किधर है इसका?"

मला हसू आलं अन् रडू आलं, दोन्ही एकदम. म्हणलं, "खाला, एक म्हण बघून राह्यले. इंग्रजी."

"इंग्रजी में भोपळा फेकते?"

"लेकरू फेकतात."

त्यांनी दळणाचा डबा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, पायरीवर बसून. जर्मन बाई, चित्र, पाणी, लेकरू. तेलाचंबी सांगितलं, डॉक्टरीण बाई काय म्हणल्या ते, की मी तेल बंद करा म्हणलं, बाई बंद करा कुठं म्हणलं. अन् म्हणलं, "खाला, मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. लई चुकलं."

खाला वाकल्या. भोपळा उचलला, ओढणीनं पुसला, माझ्या मांडीवर ठेवला, जशी त्या दिवशी पोरगी ठेवली व्हती. मंग विचारलं, "वो औरत, टबवाली. माँ थी के दाई थी?"

हे मला सुचलंच नव्हतं. "माहीत न्हाई. नुसती बाई आहे."

"फर्क है ना बेटा. माँ होगी तो रोएगी. दाई होगी तो लोग मारेंगे." मंग डब्याचं झाकण घट्ट लावत, "तेल मेरी सास डालती थी. उसकी सास डालती थी. मैंने अपने पाँच बच्चों को डाला. एक का..." अन् तिथं त्या थांबल्या.  एकाचं काय, ते मी विचारलं न्हाई. डबा डोक्यावर घेतला अन् म्हणल्या, "उद्या गरम पानी रख. नाक में नै डालती. फुंकती बी नै. बस?"

"बस, खाला."

"अन् वो गुलाबी टब में गहू धो. अच्छा है गहू धोने को."

दुसऱ्या दिवशी आल्या. पाटावर बसल्या, पाय लांब केले, पोरीला पालथं टाकलं, अन् पोरगी दोन मिनिटांत झोपली, बदमाश. तेलाची बाटली आली की खाला माझ्याकडं बघायच्या, बोटानं नाकाकडं दाखवायच्या अन् स्वतःच स्वतःच्या हातावर चापट मारायच्या. नणंद हसायची. आठ-पंधरा दिवस इतके चांगले गेले की मी ती म्हण विसरल्यागत झाले. नणंदेच्या सराव परीक्षेत ती आलीबी, तिला मार्क मिळाला, तिनं मला जिलेबी आणली.

मंग थंडी पडली.

तीन दिवसांपूर्वी खाला आल्या तर हातात शेगडी. लोखंडी, छोटी, आत निखारे फुललेले. एका पुडीत ओवा, वावडिंग, अजून काहीबाही. म्हणल्या, "ठंड आ गई. आता रोज आंघोळीनंतर धुरी. छाती खुल जाएगी बच्ची की." अन् खोलीची खिडकी लावायला लागल्या, धूर बाहेर जाऊ नये म्हणून.

माझ्या कानात डॉक्टरीण बाई. धूळ-धुरापासून जपा.

मी काय करायला पायजे व्हतं ते मला तवाच माहीत व्हतं. सरळ म्हणायचं, खाला, धुरी नको. तीन शब्द. पण मला दारातला तो दिवस दिसला, त्यांचं तोंड दिसलं. अन् ते अर्धं राह्यलेलं वाक्य आठवलं, एक का... मी म्हणलं, "खाला, आज राहू द्या, तिला झोप आली." पोरगी माझ्या खांद्यावरून टकाटका बघून राह्यली व्हती, डोळे हे एवढे. खालांनी तिच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, "अच्छा," अन् शेगडी उचलून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हणलं, पाहुणे येणार आहेत. काल म्हणलं, पोरीच्या बापाला धुराचा त्रास होतो. रोज एक खोटं. अन् रोज त्या शेगडी पेटवून आणतात, ओढणीआड धरून, त्यांच्या घरापासून दोन घरं, थंडीत.

काल जाताना दारात वळल्या. "बेटा, बोल दे सच. उद्या येऊ का नको?"

मी म्हणलं, "या ना खाला." एवढंच म्हणलं.

त्या जर्मन म्हणीत लेकरू फेकू नका एवढं सांगितलंय. पण नुसतं पाणी कसं फेकायचं, ते कुठं लिहिलंय? मी नणंदेला विचारलं, तिच्या गाईडात न्हाई. मोबाईलवर न्हाई. त्या चित्रातल्या बाईलाबी माहीत नव्हतं. हो म्हणलं तर पोरीची छाती. न्हाई म्हणलं तर ज्या हातानं पोरगी परत श्वास घ्यायला लागली तो हात मी दुसऱ्यांदा दारातून हाकलला. अन् ह्या खेपेला त्या परत यायच्या न्हाई, ते मला कळतं. अन् पुन्हा कधी ती खोकलली, जांभळी पडली, तर मी कोणाच्या वट्ट्याकडं पळू?

आत्ता गॅसवर पाणी तापत ठेवलंय. पोरगी पाळण्यात पाय झाडून राह्यली. गल्लीत चपलांचा आवाज येऊन राह्यला, खालाच्याच आहेत, अन् ओव्याचा वास दारापर्यंत आलाय. तुम्ही माझ्या जागी असता तर आता दार उघडून काय म्हणलं असतं?